शेजारणीविषयी दोनशे अकरा पत्रं

नोएडा, १२ ऑगस्ट १९९७

प्रिय विजया,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून दिलं असशील, तर त्यात तुझी काही चूक नाही. दहा वर्षांनी लिहिते आहे.

पत्ता तुझ्या आईने, सखुबाईंनी दिला. गेल्या आठवड्यात दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये तुझ्या भावाच्या क्वार्टरवर गेले होते. तुझे बाबा, शहाजीकाका, गेल्याचं तिथे दारात उभं असतानाच कळलं. तुझ्या आईने तरीही मला आत बसवलं, चहा दिला. म्हणाल्या, "आमची विजया आता कराडला पोरींना पळायला शिकवते." पोलीस भरतीसाठी मुली तयार करतेस म्हणे. तू स्वतः खात्यात परत का गेली नाहीस, हे मी विचारलं नाही. त्या मात्र माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या.

मला नोकरी लागली आहे, ती ऐकून तू हसशील. मी पत्रं वाचते. टीव्हीवर रविवारी सकाळी अकराला 'थानेदार वसुधा' लागते ना, त्या मालिकेच्या ऑफिसात. दर आठवड्याला पोत्याने पत्रं येतात. हिंदी पत्रांसाठी दोन मुली आहेत आणि मराठीसाठी मी. महाराष्ट्रातून इतकी पत्रं येतील असं त्यांना वाटलंच नव्हतं. मालिका लिहिणारी मयुरा आपल्या पुण्याचीच. तिशीची आहे. बोलताना पेन्सिल चावते. तिने मला सांगितलं, "काकू, कोण काय म्हणतंय ते एका ओळीत लिहून द्यायचं. आवडलं, नाही आवडलं, का नाही आवडलं. बस."

लोकांची मतं ऐकायची आहेत? नाशिकच्या एका मास्तरांच्या मते वसुधाने केस मोकळे सोडून छापा घालणं शिस्तीला धरून नाही. देवळालीचे एक निवृत्त सुभेदार दर आठवड्याला कळवतात की तिचा सॅल्यूट चुकतो, कोपर खाली येतं. मिरजेच्या डॉक्टरांना खांद्यात गोळी लागल्यावर चौथ्या दिवशी ती जीप चालवते हे मान्य नाही. धुळ्याच्या तीन बहिणींनी एकाच कार्डावर तीन रंगांच्या शाईत लिहिलंय, 'तिचं लग्न लावू नका.' त्याच गावाहून त्यांच्या वडिलांचंही कार्ड आलं: 'लग्न लावा.'

वसुधा चालताना पट्ट्यात अंगठा खोचते. तू खोचायचीस तसा. मी मयुराला तुझ्याबद्दल काही सांगितलेलं नाही. ते तिचं तिलाच सुचलं असेल.

आणखी एक प्रकारची पत्रं येतात. ती मालिकेबद्दल नसतात. बायका वसुधालाच लिहितात, ती खरी आहे असं समजून. 'मॅडम, माझ्या जावेला कोंडून ठेवलं आहे, पत्ता खाली देत आहे.' मी पहिल्यांदा असं पत्र घेऊन गेले तेव्हा मयुरा म्हणाली, "अशी खूप येतात, काकू. 'बाकी'च्या खोक्यात टाका." ते खोकं माझ्या टेबलाखाली आहे. पाय पसरले की लागतं.

आर. के. पुरमच्या त्या गोष्टीबद्दल मी काही लिहिणार नाही. मला जे माहीत होतं ते मी तेव्हा सांगितलं होतं.

तुझी,
शालिनी


नोएडा, २९ सप्टेंबर १९९७

प्रिय विजया,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. खरं म्हणजे राहिली नाही, टाळली. आम्ही जूनमध्ये सरकारी क्वार्टर सोडून इथे राहायला आलो. श्रीपादच्या मंत्रालयातल्या लोकांनी मिळून काढलेली सोसायटी आहे. चार इमारती, त्यातली एक अजून रिकामीच. समोर सरकंड्याचं, म्हणजे उंच गवताचं रान आणि त्यापलीकडे खणून ठेवलेला रस्ता. वीज गेली की जनरेटर सुरू होतो आणि बोलणंच बंद पडतं. पण घर आपलं आहे. साकेतला स्वतःची खोली मिळाली, मृणाल सुट्टीला हॉस्टेलवरून आली की तिलाही मिळेल.

आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, सूर्यकांत राहतो.

तोच. प्रज्ञाचा नवरा.

सोसायटीची यादी श्रीपादने चार वर्षांपूर्वीच पाहिली होती. मला सांगितलं नाही. सामान उतरवताना जिन्यात तो समोर आला. केस पांढरे झालेत, चष्मा आलाय. हात जोडून म्हणाला, "वहिनी, परत शेजारी झालो की." मी हसले. विजया, मी हसले. आत आल्यावर श्रीपाद म्हणाला, "अगं, दहा वर्षं झाली. आपला माणूस आहे. गणपतीत आरती सांगायचा तो. ॲक्सिडेंट होता, तुझ्या मैत्रिणीनेच तसं लिहून फाइल बंद केली ना?"

तू काय लिहिलंस आणि का लिहिलंस, हे मला माहीत आहे. शेजारच्या बाईने काही ऐकलं नाही म्हटल्यावर तुझ्यापाशी लिहायला उरलंच काय होतं? प्रज्ञाने हॉस्पिटलात सासूच्या देखत 'स्टोव्ह भडकला' एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गेली. बावीस वर्षांची होती. माझ्या दारासमोर तिचं दार होतं, आणि मी सांगितलं की मिक्सर चालू होता. ते श्रीपादने सांगितलं होतं मला. तोच म्हणाला होता, तेवढंच सांग.

सूर्यकांतने पुन्हा लग्न केलंय. बायकोचं नाव कुमुद. एकोणतीस-तीसची असेल, भोपाळकडची. जिन्यात भेटली की भिंतीला चिकटून वाट देते.

आणि आता जे लिहिणार आहे त्याने तू चिडशील. जुलैत जेवणाच्या सुट्टीत मयुरा म्हणत होती, चोर-दरोडेखोर पुरे झाले, घरातली एखादी केस हवी. माझ्या तोंडून निघून गेलं. "माझ्या ओळखीच्या एका बाईच्या शेजारी असं झालं होतं," अशी सुरुवात करून मी सगळं सांगितलं. स्टोव्ह, सासू, मिक्सर. मयुरा पेन्सिल चावायची थांबली. म्हणाली, "मिक्सर. बाप रे. काकू, हे मी घेऊ?"

मी घे म्हटलं. दोन भाग होणार आहेत. नोव्हेंबरात लागतील.

शालिनी


नोएडा, १७ नोव्हेंबर १९९७

प्रिय विजया,

दोन्ही भाग लागले. तू पाहिलेस का, कळायला मार्ग नाही.

दोन तारखेच्या रविवारी आमची अख्खी इमारत तेच पाहत होती. खिडक्या उघड्या होत्या. वसुधाचा आवाज खालून, वरून, बाजूने एकदमच येत होता. ती शेजारणीच्या दारात उभी राहून विचारते, "आपने कुछ सुना?" आणि ती म्हणते, "मिक्सी चल रही थी." साकेत सोफ्यावर लोळत होता. म्हणाला, "यार, झूठ बोल रही है. तोंडावर दिसतंय." श्रीपाद उठून आंघोळीला गेला.

दुसऱ्या भागात ती शेजारीण बोलते. कोर्टात उभी राहून रडत रडत सगळं सांगते आणि नवऱ्याला बेड्या पडतात. असा शेवट मी सांगितला नव्हता. तो मयुराने घातला.

त्यानंतर पत्रं आली. एवढी कधीच आली नव्हती. फक्त मराठी मी मोजली, दोनशे अकरा. वसुधाबद्दल जेमतेम तीस. बाकी सगळी शेजारणीबद्दल. नवऱ्याविषयी कुणाला फारसं काही म्हणायचं नाही, सासूविषयी थोडंसं. सगळा महाराष्ट्र त्या बाईवर लिहायला बसला होता.

'तिलाही आत टाकायला हवं होतं.' 'आधी गप्प बसली ते माफ कसं केलंत?' 'ती बाई रोज स्वयंपाक कसा करत असेल?' चौथीतल्या एका मुलीने वहीच्या कागदावर लिहिलंय, 'काकू वाईट आहेत.' नांदेडच्या वकिलांनी दोन पानं भरून कायदा समजावलाय. परभणीच्या एका बाईंनी विचारलंय, श्रेयनामावलीत सगळ्यांची नावं आहेत, तिच्यापुढे नुसतं 'पडोसन' का? बिननावाचं एक कार्ड आहे, शिक्का वाचता येत नाही. त्यावर एकच वाक्य: 'शेवट खोटा आहे, ती कधीच बोलत नाही.'

तिची बाजू घेणारंही एक पत्र होतं. जळगावहून. 'तिला दोन लहान मुलं होती. नवरा ऑफिसात. परगावी राहणाऱ्या बाईने कुणाच्या भरवशावर तोंड उघडायचं? पत्रं लिहिणाऱ्यांनी आधी स्वतःच्या दारासमोर बघावं.' मयुराने ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाली, "ही बघा, ही खरी पडोसन." सगळे हसले.

मी दिवसभर ती पत्रं वाचते आणि एका ओळीत मत लिहिते. दुपारी खोलीत कुणी नसलं की अक्षरांना आवाज येतात. तो वकील बोलतो, ती चौथीतली मुलगी बोलते. परवा मी शेजारणीच्या वतीने मोठ्याने उत्तर दिलं. दारात चहावाला उभा होता. तो चहा न ठेवताच गेला.

आणि एक आंतर्देशीय पत्र आलं. वर्ध्याहून. ते जसंच्या तसं उतरवते.

'सौ. वसुधाताई ठाणेदार यांस. तुमची मालिका मी बघत नव्हते, सुनेने हाक मारली म्हणून बघितली. माझी मुलगी प्रज्ञा दिल्लीत आर. के. पुरमला १९८७ साली मार्च महिन्यात भाजून गेली. तिच्या शेजारणीनेसुद्धा मिक्सर चालू होता असंच सांगितलं होतं. हे तुम्हांला कसं कळलं? तुमच्या गोष्टीतली बाई नंतर बोलली. आमची बोलली नाही. ती तुमच्या ओळखीची असेल तर तिला विचारा. मला कुणाला शिक्षा नको. मला फक्त काय झालं ते पाहिजे. मी बहात्तर वर्षांची आहे. प्रज्ञाची आई.'

हे पत्र मी खोक्यात टाकलं नाही. पर्समध्ये आहे.

शालिनी


नोएडा, ९ डिसेंबर १९९७

विजया,

जळगावचं ते पत्र मीच लिहिलं होतं. डावा हात वापरला, आणि ऑफिसातल्या शिक्के मारलेल्या पाकिटांमध्ये सरकवून दिलं. दोनशे अकरांतलं एक माझं आहे. म्हणजे तिच्या बाजूचं एकही नव्हतं.

आणि श्रीपादबद्दल लिहिलं तेही खरं नाही. त्याने मला काही शिकवलं नव्हतं. तू जबाब घ्यायला आलीस तेव्हा तो अजून ऑफिसातून यायचा होता. तुला आठवत असेल. 'मिक्सर चालू होता' हे मी स्वतःहून सांगितलं. तू पेन खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "शालू, मी आत्ता वर्दीतली नाही. आता सांग." मी तेच पुन्हा सांगितलं.

कुमुदबद्दल लिहायचं आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या सोमवारी मी रजेवर होते, तेव्हा ती पहिल्यांदा आमच्या दारात आली. सकाळचे साडेअकरा. दही विरजायला विरजण हवं होतं. वाटी हातात घेऊन उभीच राहिली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही त्या मालिकेच्या ऑफिसात आहात ना? ती शेजारीण खरंच कुणी होती का हो?"

"का?"

"ह्यांनी तो भाग बघितला नि टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली. दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, खालच्या वहिनींकडे जायचं नाही."

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. तिच्या कानामागे पिवळा पडलेला वळ होता. मी बघितलं आणि मी बघितलं हे तिने बघितलं.

"कुमुद, त्यांची पहिली बायको कशी गेली, सांगितलंय तुला?"

"टायफॉइडने," ती म्हणाली. आणि मग, "टायफॉइड नव्हता का?"

विजया, मी तिला काय सांगितलं असेल? मी म्हटलं, "मला नक्की माहीत नाही." ती वाटी घेऊन वर गेली.

तेव्हापासून रोज सकाळी साडेनऊला मला वरची कडी ऐकू येते. तो ऑफिसला निघताना बाहेरून लावतो. मी एकदा मुद्दाम वर जाऊन पाहिलं. कुलूप नाही, नुसती कडी. कुणीही उघडू शकेल अशी. आतून पाट सरकवल्याचा आवाज आला, म्हणजे ती दाराशीच होती. मी खाली आले.

साकेतला विचारलं, "वरची कडी ऐकलीस?" तो म्हणाला, "कडी म्हणजे? कुंडी? हां, रोज येतो आवाज. मम्मी, मला वाटलं तुला माहितीये."

मी काय करू, ते लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

शालिनी


नोएडा, २१ जानेवारी १९९८

प्रिय विजया,

तुझं कार्ड मिळालं. साडेतीन ओळी. 'पत्रं सगळी वाचली. कुमुदला आधी बाहेर काढ, बाकीचं मग. तिच्या माहेरचा माणूस बोलव, एकटीने करू नकोस. दुपारचे फोन करत जा, मी असते,' आणि खाली नंबर. दहा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. आडव्या रेघा अजून तशाच, फाडल्यासारख्या.

फोनवर तू फार बोलली नाहीस. तुझं बरोबर होतं. माझंच बोलणं लांबत होतं. जे झालं ते आता नीट लिहिते, कारण फोनवर मी काही गाळलं आहे.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी मी रजा घेतली. सूर्यकांत ऑफिसला गेल्यावर दहा मिनिटं थांबून वर गेले आणि कडी काढली. कुमुद दारातच उभी होती. मला वाटलं होतं ती बाहेर येईल. ती म्हणाली, "ताई, लावा परत. ते कधी कधी दुपारी येऊन बघतात."

"कुमुद, त्यांची पहिली बायको जळून गेली. माझ्यासमोर. टायफॉइडने नाही."

ती मला आत घेऊन गेली. स्वयंपाकघरात कोपऱ्यात रॉकेलचा डबा होता. गॅस असलेल्या घरात. तिने तो दाखवला. मग पदराला हात पुसले आणि एका कागदावर भोपाळचा नंबर लिहून दिला. भावाचा, पद्माकरचा. म्हणाली, "मी फोन केला तर समजूत घालतील. तुम्ही करा." आणि मला पुन्हा बाहेरून कडी लावायला लावली. मी लावली. माझ्या हाताने. त्या तीन दिवसांसारखे दिवस मी काढलेले नाहीत. छतावर पावलं वाजली की मी मोजायचे, दोघांची आहेत ना.

पद्माकर सोमवारी सकाळी आला. भला माणूस आहे. जिन्यात बूट काढून हातात घेतले, आवाज नको म्हणून. साडेदहाला आम्ही तिला एका पिशवीनिशी खाली आणलं. गेटवर ऑटो उभी करून ठेवली होती श्रीपादने. हो, श्रीपादने. रविवारी मी त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "मला यात ओढू नकोस. रोज तोंड दाखवायचंय मला त्याला." सोमवारी डबा घेऊन ऑफिसला म्हणून निघाला, आणि आम्ही खाली आलो तर गेटवर ऑटोवाल्याशी बोलत उभा. निजामुद्दीनपर्यंत स्कूटर घेऊन मागे मागे आला. गाडी सुटेपर्यंत फलाटावर थांबला.

संध्याकाळी सूर्यकांत आमच्या दारात आला. आवाज चढवला नाही. त्याने तेव्हाही चढवला नव्हता.

"वहिनी, तुम्हांला मी समजूतदार समजत होतो."

"होते मी," मी म्हटलं.

"लोक काय म्हणतील? दोन-दोन बायका. जरा विचार करायचा होता."

"लोक काय म्हणतात ते मी महिनाभर वाचलंय, सूर्यकांत."

माझ्यामागे साकेत येऊन उभा राहिला. सूर्यकांतने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वर गेला. त्या संध्याकाळनंतर वरून काही ऐकू येत नाही. तेच जास्त जड जातं. मला झोपेत अजून दोघांची पावलं लागतात.

आता जे गाळलं होतं ते.

प्रज्ञाचा आवाज मी ऐकला होता. हे तू ओळखलंच होतंस. पण तेवढंच नव्हतं.

एकोणीस मार्च, गुरुवार, दुपारचे अडीच. मुलं झोपली होती. रॉकेलचा वास आला आणि ती ओरडली. मी माझं दार उघडलं. सूर्यकांत जिन्यावर होता, तिच्या दाराला पाठ लावून. बाहेरची कडी लावलेली होती आणि त्याचा हात तिच्यावर होता. दार आतून हादरत होतं आणि त्याबरोबर तोही हलत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. अगदी हळू म्हणाला, "वहिनी, तुम्ही आत जा. आमचं घरचं आहे."

मी आत गेले. दार लावलं.

मिक्सर चालू होता हे खोटं नव्हतं, विजया. मी तो त्यानंतर लावला. भांड्यात काहीही नव्हतं.

तू त्या जबाबानंतर फाइल बंद केलीस, आणि सहा महिन्यांत नोकरी सोडलीस. कुणी काढलं नाही तुला. सखुबाई मला तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "तिला वर्दी घालवेना." ते का, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

शालिनी


नोएडा, २४ मार्च १९९८

प्रिय विजया,

तू सांगितलंस तसा जबाब लिहून दिला. हिंदीत, सात पानं, त्याच ठाण्यात. अधिकारी तरुण होता, ८७ साली शाळेत असेल. सगळं वाचून म्हणाला, "मॅडम, ग्यारह साल. इतने दिन आप कहाँ थीं?" मी म्हटलं, "सामने." त्याने शिक्का मारून प्रत दिली. वरच्यांना विचारून फाइल शोधावी लागेल म्हणाला. कुमुदने भोपाळला तक्रार दिली आहे, पद्माकर दोन्ही जोडून घ्यायच्या खटपटीत आहे. सूर्यकांतला एकदा बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो पेपर काखेत धरून पायऱ्या चढताना दिसला. काय होईल, होईल की नाही, मला कळत नाही. तू म्हणालीस, मॅजिस्ट्रेटसमोर तुझाही जबाब लागेल आणि तू येशील. 'मी येईन' हे वाक्य मी तुझ्या तोंडून पुन्हा एकदा ऐकणार आहे.

नोकरी सोडली. मयुराला सांगितलं की ती माझ्या ओळखीची बाई म्हणजे मीच. तिने पेन्सिल बाजूला ठेवली. "काकू, मी तिला बोलायला लावलं होतं शेवटी," म्हणाली. तिचा चेहरा अगदी लहान मुलीसारखा झाला. खोक्यातली सगळी पत्रं मी मागून घेतली आहेत. पत्ते आहेत त्यांवर. रोज दोन-चार ठिकाणी लिहिते, त्या त्या गावच्या महिला संघटनांना. काही परत येतात.

आणि मी वर्ध्याला जाऊन आले. गेल्या गुरुवारी.

आधी पत्र टाकलं होतं, की मी वसुधा ठाणेदार नाही, मी शेजारीण आहे, आणि यायचं म्हणते. उत्तरात फक्त घराची खूण आली.

प्रज्ञाची आई अंगणात बाजेवर बसली होती. लहानखुरी आहे, दृष्टी गेल्यात जमा. सुनेने मला खुर्ची दिली आणि ती आत जायला लागली, तर म्हातारी म्हणाली, "तू पण ऐक." मी सगळं सांगितलं. वास, दार, कडी, त्याचा हात, मिक्सर. सांगताना मी रडले नाही. तेवढं तरी मी ठरवून गेले होते. तिथे रडायचा हक्क माझा नव्हता.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती काय म्हणत होती?"

विजया, हे मी जबाबात लिहिलेलं नाही. तुलाही लिहिलं नाही. मी नुसतं 'ओरडली' लिहिलं.

मी म्हटलं, "दार उघडा म्हणत होती."

"कोणाला?"

सून माझ्याकडे बघत होती. मी खोटं बोलू शकले असते. आई म्हणत होती, असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. कदाचित त्यांना तेच हवं होतं.

"मला," मी म्हटलं. "शालूताई, दार उघडा. शालूताई."

"किती वेळा?"

"तीनदा. मिक्सर लावेपर्यंत."

त्या बाजेवर हात फिरवत राहिल्या, काहीतरी झाडून काढावं तसा. मग म्हणाल्या, "म्हणजे तिला वाटलं होतं तुम्ही याल."

"हो."

"इतकी वर्षं मला वाटायचं, माझी लेक एकटी होती. कुणीच नव्हतं तिला. पण कुणीतरी होतं असं तिला वाटत होतं. मला हे बरं वाटावं की वाईट, ते कळत नाही, बाई."

त्यांनी मला माफ केलं नाही, मीही माफी मागितली नाही. सुनेने पाणी आणून दिलं. म्हातारी म्हणाली, "कोर्टात हे पण सांगा. ती काय म्हणाली ते. तुमच्या नावासकट."

मी सांगेन म्हटलं.

आज जबाबाला आठवं पान जोडून आले. तू येशील तेव्हा ते आधी वाच, मग मला भेटायचं का ते ठरव.

शालिनी